मेंढा (लेखा): जंगल राखलेल्या गावाने शेतंही ग्रामसभेला का दिली?

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर मेंढा हे गोंड आदिवासींचं छोटं गाव लागतं. या नावाची गावं आणखीही असल्यामुळे शेजारच्या लेखा गावाचं नाव जोडून त्याला मेंढा (लेखा) म्हणतात. शंभराच्या आतबाहेर घरं, पाचशेच्या आसपास माणसं, धानाच्या बांध्या, जवळून वाहणारी कठाणी नदी आणि भोवती सुमारे १८०० हेक्टर जंगल. २०१३ साली या गावाने आपल्या शेतजमिनींची मालकी ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. जंगलाची नव्हे, शेतांची. बापजाद्यांपासून कसत आलेल्या, सातबाऱ्यावर ज्याच्या त्याच्या नावाने असलेल्या शेतांची.

जमिनीच्या तुकड्यावरून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहताना आपण रोज पाहतो. अशा काळात एक गाव हे करतं तेव्हा त्यामागे नुसता भाबडेपणा किंवा भारावलेपणा असेल, असं मानणं सोपं असतं. मेंढ्याच्या बाबतीत दोन्ही समज चुकीचे आहेत. जमिनीची मालकी गावाकडे सोपवण्याच्या विनोबांच्या ग्रामदान चळवळीची लाट ओसरून चार दशकं उलटली होती. या निर्णयासाठी गावात कुठल्या पुढाऱ्याची सभा झाली नव्हती, मागे कुठली योजना नव्हती, बक्षीस नव्हतं. तीस वर्षं चाललेल्या विचाराचं हे पुढचं पाऊल होतं आणि तो विचार कसा चालला, हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

गोटूल आणि पहिला धडा

सुरुवात १९८० च्या दशकातली. गडचिरोली जिल्हा नुकताच, १९८२ मध्ये, चंद्रपुरातून वेगळा झाला होता. इंद्रावती आणि गोदावरीवरच्या भोपालपट्टणम आणि इचमपल्ली धरणांचे बेत पुढे आले होते. त्यात मोठं जंगल आणि अनेक आदिवासी गावं बुडणार होती. त्याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे त्यात होते, लालश्याम शाह महाराजही होते. धरणं झाली नाहीत. पण या आंदोलनाने गावागावांत एक प्रश्न मागे ठेवला. बाहेरून येणारं संकट अडवलं, हे खरं. पण आपल्या गावात आपण नेमकं काय ठरवतो?

मेंढ्यातल्या लोकांनी मोडकळीला गेलेली गोटूलची परंपरा पुन्हा सुरू करायचं ठरवलं. गोटूल म्हणजे तरुण मुलामुलींनी एकत्र येऊन शिकायची, नाचगाण्याची, गावाच्या रीती समजून घ्यायची जागा. त्यासाठी जंगलातून सागाचं लाकूड आणलं. वनखात्याने ते बेकायदा ठरवून गोटूल पाडला. गाव खचलं नाही. आसपासच्या गावांना बोलावून बैठक झाली आणि गोटूल पुन्हा उभा राहिला.

वरवर ही एका लाकडी इमारतीची गोष्ट वाटते, पण पुढचा सगळा प्रवास तिच्यात बीजासारखा आहे. ज्या जंगलात पिढ्यानपिढ्या राहिलो, तिथलं लाकूड स्वतःच्या गोटूलसाठी आणलं तर आपण चोर. त्याच जंगलातला बांबू सरकारने दीर्घ मुदतीच्या करारावर कागद कारखान्याला दिला आहे, ट्रकच्या ट्रक भरून तो जातो आहे, ते मात्र कायदेशीर. १९५० मध्ये मध्यप्रांतातली मालगुजारी आणि जमीनदारी संपली आणि गावांच्या वापरातली जंगलं सरकारजमा झाली. लोकांचे हक्क ‘निस्तार’ या नावाने कागदावर उरले. सरपण, घराला लागणारं लाकूड, चराई. निर्णयाचा हक्क त्यात नव्हता.

ठरवण्याची रीत

देवाजी तोफा हे मेंढ्याचेच, गावाच्या या वाटचालीत पुढे असलेले. मोहन हिराबाई हिरालाल हे चंद्रपूरकडचे, जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनातून आलेले कार्यकर्ते. आडनाव टाकून आईवडिलांची नावं लावणाऱ्या मोहनभाऊंनी १९८४ च्या सुमारास ‘वृक्षमित्र’ संस्था सुरू केली. लोक खरोखर स्वतःचं राज्य स्वतः चालवतात असं गाव आहे का, या शोधात ते मेंढ्याला पोहोचले. या दोघांच्या मैत्रीने गावाला पुष्कळ दिलं. तरी माझ्या मते गावाच्या हाती लागलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ठरवण्याची रीत.

या रीतीचे दोन भाग. एक अभ्यासगट. त्यात कुणीही बसावं, गावातलं किंवा बाहेरचं. एखादा विषय घ्यायचा, जाणकाराला बोलवायचं, कायदा वाचायचा, शंका विचारायच्या, वाद घालायचा. निर्णय मात्र तिथे करायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. मतदान नाही. बहुमत नाही. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर जातो आणि त्या एकाचं म्हणणं नीट ऐकून घेतलं जातं.

ही पद्धत फार सावकाश चालते, हे मान्य करायला हवं. एकेक विषय महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं लोंबकळतो. पण जमिनीच्या बाबतीत हा संथपणाच कामाचा ठरतो. बहुमताने घेतलेल्या निर्णयात हरलेला एक गट कायम शिल्लक राहतो, आणि तो रात्री जंगलात कुऱ्हाड घेऊन जाऊ शकतो. सगळ्यांनी मिळून ठरवलं असेल तर राखणदार वेगळा ठेवावा लागत नाही. सुरुवातीचे निर्णय जंगलाचे नव्हतेच, ते दारूचे होते. बायकांनी तो विषय लावून धरला. देवकार्यापुरती सोडून घरोघरची दारू बंद करायची, हे ठरवायला बराच वेळ लागला. ग्रामसभेत प्रत्येक घरातून किमान एक बाई आणि एक पुरुष यावा, हा आग्रहही त्याच काळातला. दारू सुटल्यावर सभेत लोक शुद्धीवर बसू लागले आणि बायका बोलू लागल्या. जंगलाचे नियम त्यानंतर आले.

‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा सर्वांना ठाऊक आहे. गोंडीत ती आणखी छोटी होते, ‘मावा नाटे मावा राज’. घोषणा कानाला गोड लागते, पण मागे अभ्यासगटाच्या शेकडो बैठका नसत्या तर ती भिंतीवरच राहिली असती.

जंगलाचे नियम

कुठलाही सरकारी हक्क हातात नसतानाच गावाने जंगलासाठी नियम करायला घेतले. फळांसाठी झाड तोडायचं नाही, चढून काढायची. मध काढताना पोळं जाळायचं नाही. जंगलाला आग लावायची नाही, लागली तर सगळ्यांनी धावायचं. जंगलात नवं अतिक्रमण करून शेत वाढवायचं नाही. बाहेरच्या कुणालाही, मग तो सरकारी माणूस असो की संशोधक, जंगलात काही करायचं असेल तर आधी ग्रामसभेला विचारावं लागेल. जोडीला माती आणि पाणी अडवण्याची कामं गावाने हाती घेतली.

१९९२ मध्ये राज्यात संयुक्त वनव्यवस्थापनाची, म्हणजे वनखातं आणि गाव यांनी मिळून जंगल सांभाळण्याची, योजना आली. ती उजाड झालेल्या जंगलांसाठी होती आणि मेंढ्याचं जंगल तर चांगलं उभं होतं. म्हणजे जंगल नीट राखलं म्हणून गाव योजनेत बसत नव्हतं. गावाने त्यासाठी पाठपुरावा केला आणि चांगलं जंगल असूनही योजनेत जागा मिळवली. पुढे ही भागीदारीही अपुरी वाटू लागली, कारण त्यात गाव मदतनीस होतं आणि मालक खातंच होतं.

२००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा मेंढ्याला तो नव्याने समजावून सांगायची गरज नव्हती. कलम ३(१)(झ) प्रमाणे सामूहिक वनसंसाधन राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला मिळतो, हे अभ्यासगटात वाचून झालं होतं. गावाच्या पारंपरिक सीमा कुठून कुठे जातात, कुठला नाला आणि कुठला डोंगर, हे सांगणारी म्हातारी माणसं अजून होती. दावा तयार झाला आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्याच वेळी शेजारच्या मर्दा गावालाही मिळाला. देशात असा हक्क मिळवणारी ही पहिली गावं.

बांबू आणि टीपी

हक्काचा कागद हातात आला आणि खरी परीक्षा बांबूने घेतली. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘झाड’ या व्याख्येत येत होता, म्हणजे इमारती लाकडाच्या पंक्तीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूचं नाव घेऊन त्याला गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा इतर माल, म्हटलं आणि त्याची मालकी ग्रामसभेची ठरवली. गावाने बांबू विकायला काढला. वनखात्याने वाहतूक परवाना, म्हणजे सगळे ज्याला टीपी म्हणतात ती, द्यायला नकार दिला. बांबू तुमचा, पण तो गावाबाहेर नेता येणार नाही, असा त्याचा अर्थ. २००८ च्या नियमांत तर वनोपजाची वाहतूक डोक्यावरून, सायकलीवरून किंवा हातगाडीवरून करावी असं म्हटलं होतं. बांबूचा व्यापार डोक्यावरच्या मोळीने कसा होणार?

या छोट्या वाटणाऱ्या अडचणीसमोर गाव हटून बसलं. माल विकायचा तर टीपीसहच, आणि टीपी देण्याचा अधिकार ग्रामसभेचा, असा त्यांचा आग्रह. टीपीवर सही कोण करतो यावरून जंगलाचा निर्णय कोण करतो ते ठरतं, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज मानावं असं कळवलं. २७ एप्रिल २०११ रोजी ते स्वतः मेंढ्याला आले आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत टीपीचं पुस्तक देवाजी तोफांच्या हाती दिलं. २०१२ मध्ये केंद्राने वनहक्काचे नियम बदलले. वनोपज योग्य त्या वाहनाने नेण्याची मुभा मिळाली आणि टीपी देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे आलं. मेंढ्याच्या हट्टामुळे देशभरातल्या गावांची वाट मोकळी झाली, असं म्हणणं अजिबात अतिशयोक्तीचं नाही.

बांबूने ग्रामसभेच्या खात्यात मोठा पैसा आला. ग्रामसभेने पॅन कार्ड काढलं, हिशेब ठेवायला घेतले, मजुरी स्वतः द्यायला लागली. या टप्प्यावर एखादं गाव घसरलं असतं तर नवल नव्हतं. पैसा दिसतो आणि बांबूचं बेट दरवर्षी जरा जास्त रिकामं होतं. बांबूची तोड जाणकारीने केली तर बेट फुटत राहतं. पावसाळ्यात तोडायचं नाही, कारण तेव्हा वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, वर येतात. यंदाचा आणि गेल्या वर्षीचा बांबू उभा ठेवायचा, पक्का झालेलाच तोडायचा, आणि बुंध्याशी एक पेर सोडून. ही जाणकारी गोंडांकडे पहिल्यापासून आहे. फरक इतकाच की ठेकेदाराचा मजूर म्हणून तोडताना ती वापरायची मुभा नव्हती. स्वतःचा बांबू तोडताना ती आली.

मग शेत का?

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे. मला अधिक महत्त्वाची वाटते ती यापुढची, आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं.

वनहक्क कायद्याने मिळालेला हक्क वारशाने मिळतो, पण तो विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. म्हणजे मेंढ्याचं जंगल आता कुणा एकाला विकता येणार नव्हतं. शेताचं तसं नव्हतं. जंगलाच्या पोटात, नाल्याच्या काठाने जी धानशेती आहे ती खासगी होती. आदिवासींची जमीन बिगर आदिवासींकडे जाऊ नये म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६ आणि ३६-अ आहेत, हे खरं. पण त्यातही परवानगीने हस्तांतर होऊ शकतं, गहाण पडू शकतं, आणि आदिवासीकडून आदिवासीकडे विक्रीला तर वाट आहेच. एखाद्याच्या घरी आजारपण आलं, लग्न निघालं, कर्ज झालं की शेत जातं. ते शेत कुणाच्या हाती गेलं आणि त्याने तिथे काय केलं, यावर वरच्या जंगलाचं आणि खालच्या पाण्याचं भवितव्य ठरतं. गावाने जंगल राखायचं आणि जंगलाच्या मधोमध शेतांचे तुकडे एकेका कुटुंबाच्या अडचणीवर सोडायचे, यात विसंगती होती.

उत्तर महाराष्ट्राच्या कायद्यातच पडून होतं. १९६४ चा महाराष्ट्र ग्रामदान कायदा. विनोबांच्या सुलभ ग्रामदानाची कल्पना अशी की जमिनीची मालकी ग्रामसभेकडे जाते, पण कसणारा कसतच राहतो आणि त्याच्या मुलांनाही वारशाने कसायला मिळतं. जमिनीचा विसावा हिस्सा गावातल्या भूमिहीनांसाठी काढायचा, पिकाचा चाळिसावा हिस्सा गावाच्या कोषात घालायचा. गावाबाहेर जमीन विकायची नाही. जी बंधनं नव्या कायद्याने जंगलाला घातली होती, जवळपास तीच बंधनं शेताला घालण्याची सोय जुन्या कायद्यात होती. मेंढ्याने शेताला जंगलाच्या ओळीत आणून बसवलं, असं मी याकडे पाहतो.

हे एका सभेत झालेलं नाही. आपलं शेत उद्या गावाने काढून घेतलं तर? कर्जासाठी बँक काय म्हणेल? मुलगा शहरात गेला तर त्याच्या वाट्याचं काय? असे प्रश्न कुठल्याही शेतकऱ्याच्या मनात येणारच, आणि मेंढ्याच्या रीतीत ज्याच्या मनात प्रश्न आहे त्याला डावलून पुढे जाता येत नाही. म्हणून ग्रामदानाच्या कायद्यावर अभ्यास झाला, चर्चा झाल्या, आणि २०१३ मध्ये गाव एकमताने ग्रामदानावर आलं.

अकरा वर्षं

इथून पुढे या प्रकरणातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग सुरू होतो. कायदा राज्याचा. तो रद्द झालेला नव्हता. गावाने सर्वसहमतीने निर्णय घेतलेला. तरीही ग्रामदानी गाव म्हणून त्याची अंमलबजावणी अडून राहिली. मेंढा हे लेखा गटग्रामपंचायतीत होतं आणि ग्रामदान कायद्याप्रमाणे गावाच्या ग्राममंडळाला, म्हणजे ग्रामदानी गावाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाला, ग्रामपंचायतीचे अधिकार मिळायचे तर वेगळा दर्जा हवा होता. कागद एका खात्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. शेवटी गावाला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागलं. २०२४ मध्ये राज्य सरकारने मेंढ्याला स्वतंत्र ग्रामपंचायतीचा दर्जा दिला.

निर्णयापासून मान्यतेपर्यंत अकरा वर्षं. या काळात गावात जन्मलेली मुलं प्राथमिक शाळा संपवून पुढे गेली. एखाद्या गावाला आपली जमीन विकायची असती तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एका दिवसात काम झालं असतं. ती न विकण्याच्या निर्णयाला मान्यता मिळायला अकरा वर्षं लागली. मला याचा राग येतो, आणि तो लपवावासा वाटत नाही. मेंढ्याचं कौतुक करणाऱ्या व्याख्यानांना आणि भेटींना कधी तोटा नव्हता. तोटा होता तो सरकारी फायलीवर एका सहीचा.

जे अजून सुटलेलं नाही

मेंढ्याला आदर्श म्हणून मखरात बसवणं हा गावावर अन्याय होईल. काही गोष्टी अवघड आहेत आणि राहतील.

पहिली गोष्ट माणसांची. मोहनभाऊ जानेवारी २०२५ मध्ये गेले. देवाजींच्या पिढीचंही वय झालं. सर्वसहमती चालवायला कुणीतरी धीराने ऐकणारं लागतं, मोबाइल बाजूला ठेवून चार तास बसणारं लागतं. गावातली शिकलेली मुलं गडचिरोली आणि नागपूरला जातात. अभ्यासगट ही त्यांना परत जोडून घेणारी जागा होऊ शकते, पण ते आपोआप होत नाही.

दुसरी गोष्ट एकटेपणाची. वनहक्काच्या बाबतीत मेंढ्यामागून गडचिरोलीतल्या शेकडो ग्रामसभा आल्या; कोरचीसारख्या तालुक्यात त्यांनी एकत्र येऊन महाग्रामसभाही बांधली. ग्रामदानाच्या वाटेला मात्र गर्दी नाही. ज्यांनी मेंढ्याची अकरा वर्षं पाहिली, त्यांना या वाटेला जावंसं का वाटावं? आणि याच जिल्ह्यात दक्षिणेला एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाची खाण चालू आहे. त्या खाणीपुढे ग्रामसभांच्या ठरावांचं वजन किती, हा प्रश्न मेंढ्याच्या सीमेपाशी थांबणारा नाही.

तिसरी गोष्ट कायद्याच्या आतली आहे. ग्रामपंचायत म्हटलं की निवडून आलेले प्रतिनिधी आले, तर मेंढ्याची रीत मतदान टाळणारी. ग्रामपंचायतीचा दर्जा मिळाल्यावर शासनाचा निधी, लेखापरीक्षण, ग्रामसेवक, बैठकीची सक्तीची वेळापत्रकं हे सगळं सोबत येतं. प्रतिनिधींचं मंडळ बनलं की बाकीच्यांनी सभेला यायचं कमी करायचं, हे महाराष्ट्रातल्या हजारो गावांत झालेलं आहे. मेंढ्यात आजवर गाव म्हणजेच सरकार होतं. आता गावात एक ग्रामपंचायतही आहे.

सातबाऱ्याचं कामही उरतंच. एकेका गटाची नोंद बदलायची, मालक म्हणून ग्रामसभा, कसणारा म्हणून कुटुंब. एखाद्या तरुण शेतकऱ्याला विहिरीसाठी किंवा बैलजोडीसाठी कर्ज हवं असेल तर मालकी नसलेला सातबारा घेऊन तो बँकेत जाईल. बँकेचा माणूस त्याला गहाण काय ठेवणार असं विचारेल. ग्रामसभेच्या कोषातून त्याला ते कर्ज देता आलं, तरच त्याला घरी जाऊन बापाला सांगता येईल की तुम्ही २०१३ मध्ये केलंत ते बरोबर केलंत.